पाचवं जॅकेट

न्हाय न्हाय, गाडीत बसू नका भावेशशेठ — मोठी ऑर्डर हाय म्हणून मीच बोलावलं तुमाला, पण ऑर्डर न्हाय. खोटं बोलले. माझा फोन उचलत नव्हता, म्हणून दुसऱ्याच्या फोनवरनं बोलावलं, न्हायतर जेट्टीवर आलाच नसता. हे बघा, तुमच्याच माणगावच्या गोडाऊनातलं लाइफ जॅकेट. पाच घेतली व्हती, चार बोटीवर गेली — ह्या विनिताचा बाबा, माझा पोरगा निकेत नि दोन खलाशी. तिसरा खलाशी तापानं पडला, म्हणून हे घरी राहिलं. काल वास येतो म्हणून पिंपात धुवायला टाकलं, नि वर येईल म्हणून बघत उभी राहिले — तर तळाला जाऊन बसलं, शेठ. दगडागत. अजून सुकलं न्हाय, हात लावून बघा. जॅकेट पाणी पितं का कधी?

काय म्हणता — कायद्यानं मी गिऱ्हाईक न्हाय, धंद्याच्या नावानं घेतलेला माल परत होत न्हाय? व्हय, धंद्याच्या नावानंच घेतला. तुमीच म्हणालात, आमी फक्त धंदेवाल्यांना देतो, जीएसटी नंबर पायजे. मग मी रामचंद्र भावोजींचा दिला, त्यांच्या सुक्या मासळीचा — विचारलं पण न्हाय त्यांना, कळलं तर दारात उभी करणार न्हायत मला. वकीलबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, पोटासाठी सोता राबायला घेतलं तर तुमी गिऱ्हाईकच, पण नंबर दुसऱ्याचा, भांडत बसावं लागंल. भांडीन मग. आता तक्रार नको, पैसे नको, मला एकच सांगा — बाकीची चार याच मालातली का?

वारा फिरलाय सकाळपासनं, बघताय ना. विनिताचा बाबा म्हणंल, नवी जॅकेटं हायत, जाळ्यापाशीच थांबू, जाईल वारा निघून. जुनी असती तर — जुनी मीच कापली हो. नवी आली म्हटल्यावर आतला फोम काढून जाळ्याला तरंगायला बोये केले, आमच्यात सगळेच करतात. मच्छीमार सोसायटीत वायरलेस हाय, आता सांगितलं तर माघारी येतील — पण जाळं ओढायला वेळ न्हाय, कापून टाकून यावं लागंल, नि जाळ्याबिगर आमी खायचं काय? एक जॅकेट बुडलं म्हणून जाळं कापा, असं कुठल्या तोंडानं सांगू? तुमी नुसतं म्हणा, ती चार चांगली हायत. मी गप बसते.

म्हणता? सगळा माल चांगला हाय, हे पण चांगलं हाय, मीच नीट बघितलं न्हाय?

मग घाला हे. घाला ना शेठ, पट्टा मी बांधते — हितं पायरीवरनं उतरायचं, पाणी गळ्याच्या जरा वर असंल, दोर मी धरते, जाऊ देणार न्हाय तुमाला. माझ्यासाठी न्हाय, निकेतसाठी. एकदा बघू द्या मला, तुमी तरंगताय ते — मागं का सरताय?

बरं.

विनिता, धाव. सोसायटीत जा, वायरलेसवर बाबाला सांग, जाळं काप नि फिर माघारी. आई म्हणाली म्हणावं. — नि तुमी, शेठ, गाडी वाटेतनं काढा. पोरीला पळायचंय.