अंगणात पुरलेला शिंगबेडूक

अर्जेंटिनातल्या रेसिस्तेन्सिया शहरातल्या इस्पितळात झुनिल्डा औषधांच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढची बाई शेजारी 'माते' नावाचा कडू चहा पीत उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला सांगत होती,

"मुलानं पाळलेला शिंगबेडूक गेला हो, काका. स्वतः तेलाच्या विहिरींवर कामाला गेला आणि हे माझ्या गळ्यात बांधलं. रविवारी येतोय. काय सांगू त्याला?"

"खायला काय घालत होतात?"

"गांडुळं, ओढ्यातले बारके मासे. चिमट्यानं भरवायची हो मी! थंडी पडली आणि तो तोंडच उघडेना."

"पेटीतली माती ओली ठेवायचात ना?"

"छे, वास मारायची. वाळवून टाकली. मग तो आत शिरला आणि अंगावर कागदासारखं कडक कवच आलं. हलवला तरी हलेना."

"अहो बाई, झोपलाय तो! मातीत ओल नसली की असेच झोपतात ते. पाणी लागलं की उठतो आणि आधी ते कवचच खातो. आहे कुठे?"

"अंगणात पुरलाय."

"मग उकरून काढा की."

बाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"आज सकाळीच ह्यांनी त्यावर सिमेंट ओतलंय."

"अरे देवा!"

"मग अजून ओलं असेल!" झुनिल्डाच्या तोंडून निघून गेलं.

बाईनं फोन लावला.

"अहो, फावडं घ्या, ते सिमेंट उकरा! का ते विचारू नका!"

रांग पुढे सरकायची थांबली. बाई फोन कानाला लावून उकरण्याचा आवाज ऐकत राहिली.

"काय? चावला? बोट सोडत नाहीये?"

"ओढू नका म्हणावं," म्हातारा ओरडला. "हात पाण्यात बुडवा!"