छायाचा निरोप मी देलाच नाई

आमी इंझोरीचे. विहाराच्या मागं आमचं घर, दोन खोल्या, वरतं टिनं. बाप हमाली कराले कारंज्याले जाये, माय लोकाच्या वावरात निंदाले, सोंगाले. नाव माह्यं संघमित्रा, पन तेवढं लांब कोन म्हनते जी, सगळे मितूच म्हनत. तुमी म्हनले लहानपनापासून सांगा, तर काय सांगू तुमाले, माह्यं लहानपन म्हनजे छाया. तिचं घर वरच्या आळीत, चार एकर वावर, एक म्हैस. शाळेत एका बाकावर बसो आमी, तिच्या डब्यातलं ठेचा-भाकर मी खाओ, माह्यं ती खाये. कोनी काई म्हनलं त ती म्हने, मितू माह्या घरचीच हाये.

आता फुटबॉल इंझोरीत कुठून आला, हे सगळेच इचारतात. वानखडे सर आले शाळेत, शारीरिक शिक्षनाचे. ते कालेजात खेळेल होते. पोट्टे कबड्डी सोडाले तयार नोते, मंग सर म्हने पोरी खेळतीन. गावात हासले लोक. शाळेमागच्या वावरातलं सोयाबीन निघालं का तेच आमचं मैदान, काळ्या मातीले ह्या अशा भेगा, बॉल टप्पा घेऊन कुठं जाईन भरोसा नाई, म्हनून आमचे पाय लवकर शिकले. बांबूचे दोन खांब गाडले, झाला गोल. मी पुढं खेळो, स्ट्रायकर. छाया डाव्या बाजूनं पळे. अन आयका, खरं सांगतो, ती माह्यापेक्षा चांगली होती. दोन्ही पायानं मारे. वाऱ्यासारखी पळे अन मान वर न करता बॉल बरोबर माह्या पायात टाके. मले फक्त ढकलाचा राहे. लोकं टाळ्या माह्यासाठी वाजवत. तिले त्याचं काईच नोतं वाटत, ती हासे, म्हने तू टाक वं गोल, मी पळतो.

बारावीत असतानी सर म्हने वाशीमले पुन्याच्या एका क्लबच्या मॅडम येऊन राह्यल्या, जिल्ह्यातल्या पोरी पाहाले, जिची निवड झाली तिले राहनं, खानं, कालेज, सगळं क्लब पाहीन. सरायची नेमकी इलेक्शन ड्यूटी लागली, ते म्हने तुमी दोघी जा, भेवाचं काई काम नाई. आमी आठ दिवस त्याच्याशिवाय दुसरं बोललो नाई.

जाच्या दिवशी सकाळी मी छायाच्या दारात गेली तर तिची माय तापानं फनफनून राह्यली होती, उठता येत नोतं. बाप बाहेरगावी गेलेला, दुपारच्या आत येनार नाई. छाया दारातूनच म्हने, मितू, तू हो पुढं, काकू येऊन राह्यली मायपाशी बसाले, ती आली का मी मागच्या गाडीनं निंगतो, दोन वाजेपर्यंत पोचतोच. मॅडमले सांगजो माहा नंबर शेवटी ठेवा म्हना. सांगजो हां, इसरू नको. मी म्हनलं, वेडी हायेस का, इसरन कशी?

अन मी इसरली नाई. हे लिहून घ्या तुमी. इसरली असती तर बरं झालं असतं.

वाशीमच्या मैदानावर तीसक पोरी होत्या. मॅडम उंच, टोपी घातलेल्या, कमी बोलनाऱ्या. मी पानी पियाले गेली तवा त्या आपल्या संगच्या सरायले सांगून राह्यल्या होत्या, गोलकीपर दोन पाहिजे, डिफेन्सले दोन, पुढं खेळनारी एकच घेता येईन. एकच. मले काय झालं बापा सांगता येत नाई. मले मैदान नाई दिसलं, छाया दिसली पळतानी. तिनं खेळलं तर मले कोन पाहीन?

बारा वाजता नाव पुकारलं. मॅडम म्हने इंझोरीच्या दोघी हायेत ना, दुसरी कुठाय? मी म्हनलं, नाई येत, मॅडम. त्याईनं पेनानं रेघ मारली. झालं. तेवढंच बोलली मी. बरं, रिसोडची एक पोरगी लेट होती, तिनं फोन केला तर मॅडम तिच्यासाठी पाऊन घंटा थांबल्या. म्हनजे छायासाठी बी थांबल्या असत्या. हे मी माह्या डोयानं पाह्यलं, तरी मी उठून म्हनलं नाई का मॅडम, माह्यं चुकलं, ती येऊन राह्यली. पाऊन घंटा होता माह्यापाशी.

दीड वाजता माह्यं नाव निघालं अन मॅडमची गाडी गेली. दोनले पाच कमी असतीन, छाया स्टँडापासून पळतच आली, वेनी सुटलेली, खांद्यावर बॅग. रिकामं मैदान पाहून मले म्हने, सांगतलं नोतं तू? मी म्हनलं, सांगतलं वं, पन त्या म्हने ज्याले गरज असते तो टायमावर येते. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं मले. तिनं गोलाच्या खांबाकडं पाह्यलं. मंग म्हने, तुह्यं झालं? मी मान हालवली. तिनं बॅगीतून आपले बूट काढले, सरायनं तिले देलेले, अन माह्या हातात देले. म्हने तुह्या बुटाचा तळ सुटला हाये, पुन्यात लोकं हासतीन. मी ते घेतले. घेतले जी मी ते बूट. एक वर्ष त्याच बुटावर खेळली.

पुढचं तर पेपरात आलं हाये, काय सांगू. पुन्यात पाच वर्सं, राज्याच्या टीमात खेळली, मंग गोव्याच्या क्लबनं घेतलं, लीग खेळली, पगार सुरू झाला, मायचं निंदन बंद केलं, बापाले हमाली सोडाले लावली. गोल टाकला का पोरी आंगावर पडत, मी बी नाचो. पन डाव्या बाजूनं बॉल आला, का मी गोल टाकाच्या आधी मान वर करून पाहो कोनी टाकला ते. कोच वरडे, तिकडं काय पाहतं? त्याले काय सांगू मी?

एकदा गावानं सत्कार केला. बॅनर लावलं, शाल देली, माईकवर माह्यं भाषन झालं, सरायचे आभार मानले, मायबापाचे मानले. छायाचं नाव जिभेवर आलं अन तथीच अटकलं. ती पुढंच बसली होती, लगन होऊन शिरपूरले गेली होती, मांडीवर लहान पोरगी. सगळ्यायले सांगून राह्यली होती, आमची मितू हाये, आमी एका बाकावर बसो. मले ती शाल जड झाली.

दोन वर्साखाली गुडघा गेला. लिगामेंट. ऑपरेशन झालं, पळता येते, पन पहिल्यासारखं वळता येत नाई. क्लबनं पुढचा करार केला नाई. खरं सांगू, डाक्टरनं रिपोर्ट सांगतला तवा मी रडली, पन आतून कोनीतरी म्हने, बरं झालं. आता मी वाशीमले पोरीयले शिकवतो, मानधनावर.

मागच्या हिवाळ्यात शिरपूरच्या शाळेत शिबिर होतं म्हनून बशीत बसली, तर कंडक्टर कोन? छाया. खाकी ड्रेस, गळ्यात तिकिटाची मशीन. लय खूश झाली मले पाहून, शिरपूरच्या स्टँडावर उतरून म्हने चाल, गाडीले टाईम हाये, चहा घेऊ. चहा घेता घेता मी सहज म्हनलं, तुह्यी पोरगी मोठी झाली असंन, पाठव ना मैदानावर. तर म्हने, पळते तर अशी का काय सांगू, पन नाई पाठवत मी. कायले पाठवू वं? मोठ्या लोकाच्या मॅडमा गरिबाच्या पोरीसाठी दोन मिनिटं थांबत नाईत. मले अनुभव हाये.

कप हातात होता माह्या. मी म्हनलं, छाया, त्या मॅडमले मी सांगतलंच नोतं. तिले समजलं नाई, म्हने काय? मंग मी सगळं सांगतलं, एकच पोरगी घेनार होत्या ते, नाव पुकारलं ते, रिसोडच्या पोरीसाठी थांबल्या ते बी.

मले वाटे ती मारीन. मारलं असतं तर मी उभी राह्यली असती. ती हळूच म्हने, मी त्या बाईले शिव्या देत राह्यली एवढी वर्सं. ते जाऊ दे. पन त्या दिवशी घरी जाऊन मी मायले बोलली. तुह्या तापापायी माह्यं सगळं गेलं म्हनलं. ती आजारी, अन तिनं माह्यी माफी मांगतली. मंग कवाबी ते निंगालं का ती खाली मान घाले. मेली ती दोन वर्साखाली, तेच मनात घेऊन मेली. आता मी कोनाले सांगू?

डायवरनं हारन वाजवला. ती उठली, मशीन सारखी केली, चहाचे पैसे आपलेच देले, माह्ये बी, अन गाडीत चढली. माह्याकडं पाह्यलं नाई. बेल दोनदा वाजली.

माफी मांगाले मी तिच्या घरी दोनदा गेली. एकदा दाराले कुलूप होतं. दुसऱ्यांदा ती घरी होती, नवऱ्यानं बाहेर येऊन सांगतलं, तिले बोलाचं नाई म्हनते, ताई. मंग मी गेली नाई. जबरदस्ती कशी करू, मले मोकळं वाटावं म्हनून तिले किती खेपा तेच आयकाले लावू?

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या अन एका सकाळी तिचा नवरा पोरीले घेऊन मैदानावर आला. दहा वर्साची, बारकी, मायवानीच रंग. म्हने हिच्या मायनं पाठवलं, सख्ख्या मावशीकडं राहीन वाशीमले, सुट्टीभर शिकवा. मी पोरीपाशी बसली, म्हनलं मी तुह्या मायची मैत्रीन, मले मितूमावशी म्हन. ती लाजली, मंग म्हने, माय म्हने मावशी नाई म्हनाचं, मॅडम म्हनाचं.

तर ती मॅडम म्हनते मले. बरोबर हाये तिच्या मायचं. आज पहाटंच येऊन बसली होती, बाकीच्या पोरी येन्याच्या आधी, अन डाव्या पायानं एकटीच भिंतीवर बॉल मारून राह्यली होती. दूर जावो बापा ही पोरगी, लय दूर जावो. मी हाये तथीच ठीक हाये.