शेळीच्या पोटातली पिशवी

जनावरांच्या दवाखान्यात शिंपीणकाकू मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी एक आजोबा आणि त्यांची नात कुजबुजत होती.

“आजोबा, शेळीने गिळलेली ती पिशवी मीच टाकली होती.”

“ठाऊक आहे मला.”

“बाईंनी कासवाची गोष्ट सांगितली होती. ते पिशवी गिळून मरतं. मला वाटलं, आपल्याकडे कुठे कासव आहे!”

“शेळीला काही गोष्ट कळत नाही, पोरी. म्हणून तर ती तुला सांगितली.”

“पुन्हा नाही टाकणार. पण ती वाचेल ना?”

काकूंचा मांजराला थोपटणारा हात थांबला. दार उघडून डॉक्टर बाहेर आले.

“पिशवी निघाली. शेळी उठून उभी राहिलीय.”

“आजोबा! मग आता का रडताय?”

“जीव भांड्यात पडला की थोडं पाणी उडतंच गं.”