डब्यातला कापूस

(नेरमधलं कॉम्प्युटरचं दुकान. अमर दुकानदार आहे. किसनसिंग आणि मानीबाई हे जवळच्या बंजारा तांड्यावरचे नवरा-बायको. काउंटरवर टीव्हीमागे ठेवायचा छोटा कॉम्प्युटर उघडून ठेवलाय.)

अमर : हे पाहा काका, हा कापूस तुमच्या डब्यातून निघाला.

किसनसिंग : डब्यातून?

अमर : हव. कॉम्प्युटरच्या पोटातून. पंखा जाम झाला, प्रोसेसर तापला अन् गेला.

किसनसिंग : मंग त्यात काय नवल? समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरून आहे. उडून गेला असन.

अमर : उडालेली रुई धुळीसारखी चिकटते जी. हा तं सरकी काढलेला बोळा आहे. कोणीतरी बोटानं दाबून बसवला.

किसनसिंग : तूच बसवला असशीन, नवा माल खपवाले.

अमर : तुमी आता पिशवीतून काढला, म्या तुमच्यासमोर खोलला! अन् स्क्रू चार पाह्यजे, दोनच आहेत. माह्याआधी कोणी खोलला होता हा?

किसनसिंग : मले काय मालूम? हिले विचार. दिवसभर घरात हेच असते.

मानीबाई : मले? मले त्याचं तोंड कोणतं अन् पाठ कोणती ते समजत नाही.

किसनसिंग : समजते तुले बरंच काही.

अमर : ते जाऊ द्या. नवा प्रोसेसर पाह्यजे न? हा मोठा आहे, दमदार. अन् हा बारका. तुमच्यासाठी बारका चांगला.

किसनसिंग : काहून? मोठा मले झेपत नाही?

अमर : तसं नाही काका. तुमच्या पोरानं, बादलनं, पुण्याहून येऊन हा डबा टीव्हीले जोडून देल्ला, स्पीकर लावून देल्ले. कायच्यासाठी? पिक्चर पाहाले. दुसरं काही काम नाही. अन् पिक्चर चालवाची सोय ह्या बारक्यात मुळातच केलेली असते, त्याले जोर पडत नाही. वीज कमी खाते म्हणून ठंडा राह्यते. ठंडा राह्यते म्हणून पंखा लागत नाही. वरचा डबा तेवढा जाळीचा घ्या लागन.

किसनसिंग : म्हणजे कमजोर माल माह्या गळ्यात बांधून राह्यला तू.

अमर : फवारणीच्या पंपाले ट्रॅक्टरचं इंजिन लावता काय तुमी?

किसनसिंग : गोड बोलू नको. असा गोड बोलणारा माणूस दिसला की मी पहिले खिसा चाचपतो. मोठा दाखव.

अमर : मोठ्याले पंखा लागन. तुमचं टीव्हीचं कपाट बंद, त्यात आपल्या इकडचा उन्हाळा. पंखा सारखा घरघर करन.

किसनसिंग : करू दे. मी थ्रेशरजवळ उभा राह्यणारा माणूस. मले घरघरीचं काय सांगतं?

मानीबाई : भाऊ, तो बारका वरून हाताले गरम लागते काय?

अमर : नाही काकू. लय तं कोमट.

मानीबाई : अन् बंद केल्यावर? कोमट किती वेळ राह्यते?

किसनसिंग : तुले काय करा लागते?

मानीबाई : आपलं इचारलं. लेकराबाळाचा हात लागला तं?

किसनसिंग : आपल्या घरात कोणतं लेकरू आहे?

मानीबाई : ...शेजारचं येते.

किसनसिंग : येते न? अमर, आता तू आयक. मी सांजच्याले वावरातून येतो अन् पहिले डब्यावर हात ठेवतो. रोज गरम. बादल पुण्याले, मी वावरात. मंग डबा कोणासाठी तापते?

मानीबाई : ऊन येते खिडकीतून.

किसनसिंग : खिडकी उगवतीकडं आहे. सांजच्याले तिकडून कोणतं ऊन येते?

अमर : काका, तुमच्या घरचं तुमी पाहा. पण मलेही कोडं पडलं. दोन स्क्रू गायब, आतमधी कापूस, अन् दोघंही म्हणता आमी नाही. उद्या नवा बसवून देल्ला अन् त्यातही कोणी बोळा कोंबला, तं नाव माह्या दुकानाचं खराब होते. जुनी डिस्क शाबूत आहे. ह्या स्क्रीनवर लावतो. शेवटी काय चाललं होतं ते पाहू, म्हणजे कोण बसलं होतं तेही समजन.

मानीबाई : नको!

किसनसिंग : नको लावू!

अमर : दोघंही नको?

किसनसिंग : घरची गोष्ट आहे. दुकानात कायले?

मानीबाई : तुमी काहून नको म्हणलं?

किसनसिंग : पहिले तू सांग. तू काहून म्हणलं?

मानीबाई : ...पुष्पा आहे त्यात.

अमर : कोण पुष्पा?

मानीबाई : आमची पोरगी. हैदराबादले असते. तिच्या मनानं लग्न केलं तवापासून हे तिचं नाव घेत नाहीत, मलेही घेऊ देत नाहीत. फोन ह्यांच्याच खिशात असते. मंग बादलनं तिचे व्हिडिओ ह्या डब्यात टाकून देल्ले, अन् कोणतं बटन दाबाचं ते मले शिकवलं. पुष्पा लेकराले मांडीवर निजवते अन् बोलते. आमच्यात आईले याडी म्हणतात. ‘याडी,’ म्हणते, ‘आज भाकर करपली.’ ‘याडी,’ म्हणते, ‘लेकराले दात आला.’ दुपारी दार लोटून मी पाह्यतो, हे यायच्या आधी बंद करतो. पण तो मेला डबा लवकर ठंडा होत नाही.

किसनसिंग : म्हणून ठंडावाला पाह्यजे होता तुले.

मानीबाई : हव.

किसनसिंग : मले फसवाले.

मानीबाई : तुमी हात लावून पाह्यता म्हणून. चोरासारखं माह्याच पोरीले पाहा लागते मले.

किसनसिंग : मंग डबाच नको. अमर, बारका नको अन् मोठाही नको. खोललेला तसाच बांधून दे.

मानीबाई : थांबा. मी तीजेच्या सणाले भावाकडं बाभुळगावले गेलती. वापस आली, तुमी बैल सोडत होते. म्या पिशवी खाली ठेवली अन् पहिले डब्यावर हात ठेवला.

किसनसिंग : तू कायले ठेवला?

मानीबाई : तुमचं पाहून पाहून मलेही सवय लागली. गरम होता.

किसनसिंग : बातम्या लावल्या असतीन.

मानीबाई : बातम्या छतावरच्या डिशनं येतात, ह्या डब्यानं नाही. तुमी विहिरीवर गेले तं म्या लावून पाह्यलं. पुष्पा अर्ध्यातच थांबलेली होती, तोंड उघडं. मी तिले कधी अर्ध्यात थांबवत नाही. तवापासून वाट पाहून राह्यली मी, आज बोलान, उद्या बोलान. तुमी आपले रोज येता, डब्यावर हात ठेवता अन् माह्यावरच डोळे वटारता.

अमर : काका, चहा सांगू?

किसनसिंग : नको.

मानीबाई : एवढंच सांगा. पाहाले लागले होते, तं अर्ध्यात काहून बंद केलं? राग आला तिचा?

किसनसिंग : नाही.

मानीबाई : मंग?

किसनसिंग : अमर, ह्या बारक्याले पंखा नाही म्हणतं न तू? अजिबात नाही?

अमर : अजिबात नाही. चालू आहे का बंद, तेही समजणार नाही.

किसनसिंग : मंग हाच बसव. अन् ते दोन स्क्रू घरी माह्या कोटाच्या खिशात आहेत.

मानीबाई : तुमी खोलला होता?

किसनसिंग : पंखा लय घरघर करे. वाटलं, कापूस लावला तं आवाज दबन. पुष्पा हळू बोलते.