सरांची एकुलती विद्यार्थिनी

बायको गेल्यापासून गव्हाचा डबा घेऊन गुढियारीच्या चक्कीवर मीच जातो. काल माझ्यापुढे दोन बाया उभ्या होत्या.

"पद्मिनीताई, सर रिटायर होऊन काय करून राहिले?"

"मोबाइलवर गणित शिकवून राहिले. रोज एक व्हिडिओ टाकतात."

"पोट्टे पाहतात का?"

"एक पोट्टी पाहते. राधिका नावाची. रोज खाली लिहिते, समजलं सर."

"एकच?"

"हव. पण तेवढ्यात खूश आहेत. शाळा सुटली तेव्हा दोन महिने धड जेवले नव्हते."

"कोणाची पोट्टी हो ही?"

"कोणाची नाही. मीच आहे."

"अगं बाई!"

"सुनेनं खातं उघडून दिलं. ह्यांना सांगू नको, यामिनी."

"अन् तुम्हाले समजते गणित?"

"कुठलं! परवा चुकून खरं लिहिलं, सर, अपूर्णांक नाही समजले. तं आज सकाळपासून फळा घेऊन बसले आहेत."

"पण तुम्ही आज चक्कीवर काहून? दळण तं सोमवारीच नेलं ना?"

"घरातून काढलं मले. म्हणे, तू भांडे वाजवते, माझ्या राधिकाले ऐकू येणार नाही."