तानबाची डिझेल वाचवाची कला

...नाई, पन मले एक सांगा! पृथ्वी वाचवाची तं वाचवा ना, मी कुठं आडवा येऊन राह्यलो? पन तिले वाचवाले माह्याच जीव कायले पाह्यजे? माह्या घरी कांता हाय, पोट्टी काजल यंदा बारावीले हाय... अन् मी काई भित्रा मानूस नाई बरं! कारंजात कोनालेबी इचारा, दारू पेलेल्या ड्रायवरच्या हातातून म्या भर हायवेवर चाबी घेतली हाय. पन मागच्या महिन्यात तळेगावच्या घाटात जे झालं ना, तवापासून घरात कोनी पाट सरकवला तरी मी दोन्ही पाय जमिनीवर दाबतो. ब्रेक मारतो म्हना ना!

आता तुमाले सांगतो हे सुरू कसं झालं. पुंडलिकराव आमचे मालक. त्यांच्या ट्रकांचा धंदा, अन् मी त्यांचा मुन्शी. संत्रा भरून गाडी धाडाची, वापस आली का दुसरी भरती पाह्याची, बस. मालक इचारत, "निघाली का?" मी म्हनो, "निघाली." याच्यावर आमचा संसार सुखात चालला होता. तं मागच्या दिवाळीले, म्हंजे दोन हजार सातच्या, मालकाचा पोरगा योगेंद्रभाऊ पुन्याहून एमबीए होऊन आला. आला तो खुर्चीवर बसाच्या आधी म्हने, "श्रावणकाका, आपली वाहतूक सस्टेनेबल करायची आहे. धूर कमी, डिझेल कमी. पृथ्वी तापतेय, काका!" म्या म्हटलं, भाऊ, आपल्या इकडं तं मे महिन्यात ते दरवर्सीच तापते. त्यानं माह्याकडं असं पाह्यलं, का मीच तापवली!

मंग नेम सुरू झाले. ढाब्यावर इंजिन बंद. टायरात हवा बरोबर. वापस येतानी गाडी रिकामी यावाची नाई. आता हे चांगलंच हाय, मी कुठं नाई म्हनतो? पन एक दिवस अमरावतीहून भरती भेटली नाई, तं आमच्या लहानू ड्रायवरनं गाडी रिकामी नोको म्हनून लग्नाचा बँड भरून आनला, अन् ते ऑफिससमोर उतरून वाजवाले लागले! ऑफिसच्या अंगनात झाडं लावली, अन् त्या झाडांले पानी द्याले रोज टँकर येते. डिझेलचा! हे म्या बोलून दाखवलं, तं भाऊ म्हने, "काका, निगेटिव्ह बोलू नका."

बरं, इथवर ठीक होतं. मंग त्यानं भिंतीवर बोर्ड लावला. ज्याची गाडी कमी डिझेल पेते त्याचं नाव हिरव्यात वर, जास्त पेते त्याचं लालात खाली. अन् होळीपर्यंत जो खाली राहीन, त्याची गाडी काढून दुसऱ्याले देनार! आता आमचा तानबा, त्याची गाडी साऱ्यात बुढी, चढावर अशी खोकलते का बाजूची बस थांबून इचारन, बरं हाय ना म्हनून. पह्यल्या महिन्यात तानबा पार खाली. दुसऱ्या महिन्यात? एकदम वर! साऱ्यांच्या वर! योगेंद्रभाऊ खुर्चीवून उठला. "काका, ही कला आहे! तुम्ही उद्या तानबासोबत जा, नीट बघा, आणि संध्याकाळी सगळ्या ड्रायव्हर्सना शिकवा."

मी भित्रा मानूस नाई. गेलो. कांतानं डब्बा देल्ला, म्हने लवकर येजो. गाडीत मृग बहाराचा संत्रा, वरपर्यंत पेट्या. तानबा चूप. एरवी हा मानूस बोलून बोलून कान खाते, अन् आज चूप! म्या म्हटलं, काऊन रे तानबा, काय कला हाय तुही? तं समोर पाहूनच म्हने, "घाट येऊ द्या, मुन्शीजी."

घाट आला. उतार लागला. अन् या बाबानं गेअर काढला, खटका ओढला, अन् इंजिन बंद करून टाकलं!

बंद, बाप्पा! एवढा मोठा भरलेला ट्रक अन् आवाजच नाई! नुसता वारा, अन् मांगं पेट्यांची करकर. आता तुमाले सांगतो, ट्रकचा ब्रेक हवेवर चालते, अन् ते हवा इंजिन भरते. इंजिन बंद, म्हंजे टाकीत जेवढी हाय तेवढीच. समोर तिचा काटा असते. तानबानं ब्रेक दाबला, काटा थोडा खाली. अजून दाबला, अजून खाली. मी काट्याकडं पाहो, का रस्त्याकडं पाहो? म्या म्हटलं, तानबा, सुरू कर! तं म्हने, "इथं सुरू केली तं काय वाचलं, मुन्शीजी?" अरे, आपन वाचू ना, बह्याडा!

तेवढ्यात वळनावर समोर एसटी. डुलत डुलत, आपल्या बापाचा रस्ता असल्यावानी. मांगच्या काचेतून एक बुढी आमच्याकडं पाहून राह्यली, अन् ते मोठी होत चालली! तानबानं ब्रेक दाबला, काटा पार लालात. अजून दाबला तं नुसतं फुस्स! मंग त्यानं गेअर टाकाले पाह्यला, खर्रर्र... पडेच ना! मी दोन्ही पाय फळीवर असे रोवले का चप्पल तुटली. तोंडातून बुद्धाचं त्रिशरन निघालं, तेबी तिसऱ्या ओळीपासून सुरू झालं! तानबा मारोतीले हाका मारे. मी भित्रा मानूस नाई हो, पन माह्या डोयासमोर कांता आली, अन् ते रडून नाई राह्यली, ते म्हने, "डब्बा कुठी हाय?"

तानबानं गाडी उजवीकडं काढली. तिकून टँकर! एसटीवाल्यानं, भलं होवो त्याचं, आपली गाडी डांबरावून खाली उतरवली. आमी दोघांच्या मधातून निघालो. कसे निघालो इचारू नोका, माहे डोये बंद होते. उघडले तं खालचा सपाट रस्ता आलता, गाडी हळू झालती. गेअर पडला, धक्का बसला, इंजिन खोकललं. तुमाले सांगतो, त्या खोकल्याएवढं गोड गानं म्या जिंदगीत आयकलं नाई!

तानबानं काटा वर येऊ देल्ला अन् गाडी बाजूले घेतली. मले वाटलं आता याले दोन लगावतो. पन पाह्यलं तं त्याचे हात स्टेअरिंगवून सुटत नव्हते. म्हने, "मले का मजा येते, मुन्शीजी? रोज मारोतीचं नाव घेऊन उतरतो. पन गाडी बुढी हाय, जपून चालवली तरी पेतेच. बोर्डावर खाली गेलो तं गाडी जाईन. मंग खाऊ काय? सांगू नोका भाऊले." अन् रडला, हो! चाळीस वर्साचा गडी, रडला.

आता माह्यी गत पाहा! संध्याकाळी सारे ड्रायवर जमलेले, टेबलावर झेंडूचा हार, भाऊ खडू घेऊन उभा. "बोला काका, काय टेक्निक?" सांगतलं तं तानबाची रोजी जाते. नाई सांगतलं तं कोनाचा तरी जीव जाते. त्या घाटात वाटलं नाई तेवढं भेव मले त्या खडूचं वाटलं! पन एसटीतली बुढी डोयासमोर आली, अन् म्या डोये मिटून सांगून टाकलं. "घाटात इंजिन बंद करते, भाऊ. तुमच्या बोर्डाच्या भेवानं करते. बोर्ड काढा, पन त्याले काढू नोका."

डोये उघडले, तं सारे ड्रायवर खाली पाहून राह्यलते. सारे! म्हंजे सारेच करत होते, फक्त तानबा जास्त करे! अन् योगेंद्रभाऊ पांढराफटक. खुर्ची धरून म्हने, "काका... मागच्या आठवड्यात मी लहानूच्या गाडीतून अमरावतीला गेलो होतो. घाटात गाडी इतकी शांत चालली... मी त्याला शाबासकी दिली हो!"

अन् पानी प्याले लागला. पुंडलिकराव कोपऱ्यात बसले होते, ते उठले. आपल्या हातानं बोर्ड उतरवला, तानबाच्या खांद्यावर हात ठेवला. म्हने, "गाडी तुहीच राहीन. पन आजपासून उतारावर गाडी गेअरातच. अन् हे पाह्याले घाटात एक मानूस गाडीत बसन." मी खुश! म्हटलं, मालक, लाखात एक बोलले, कोनाले बसवता? तं मालक माह्याकडं पाहून म्हने, "ज्याले भेव वाटते तोच नीट पाहीन, श्रावण. तूच बस."

बसतो. रोज बसतो. आता गाडी गेअरात उतरते, एकदम हळू, एकदम सुरक्षित... म्हंजे पह्यले जे भेव दोन मिनिटात आटपे, ते आता अर्धा घंटा पुरते.