दुसरा गठ्ठा

(नगरमधल्या एका खासगी दवाखान्याचं आवार, दुपारी दीडची वेळ. स्टाफ नर्स प्रज्ञा जेवणाच्या सुटीत डबा घेऊन खाली आलीय. तिसगावहून आलेली तिची चुलती आक्काबाई लिंबाखालच्या बाकावर बसलीय.)

प्रज्ञा : अगं काकू, पण नर्सभरतीची यादी लागल्याचं निकिताला कळलं कसं? मी सांगणारच होते.

आक्काबाई : तू कवा सांगणार हुतीस? सोमवारी लागली म्हनं. माझी पोर सोताच येऊन वाचून गेली. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. चार पोरी घेतल्या, तिचं नाव न्हाई.

प्रज्ञा : दोन घास खा आधी. मेथी आहे बघ.

आक्काबाई : खाऊन आले मी. तू जेव, सुटी संपंल तुझी. येक इचारू का, प्रज्ञा? त्या फॉर्मात ‘कोणाच्या ओळखीने’ म्हणून रकाना हुता. पोरीनं पेन्सिलीनं तुझं नाव लिवलं हुतं. ते खोडायला कुणी लावलं?

प्रज्ञा : मीच लावलं.

आक्काबाई : व्हय ना. ती सांगंना, पर मला वाटलंच.

प्रज्ञा : काकू, ऐक माझं. हॉस्टेलवर असताना पोरी तोंडावर म्हणायच्या, ‘तुमचं काय बाई, तुम्ही सवलतीवर आलात.’ माझे मार्क त्यांच्याहून जास्त होते, तरी म्हणायच्या. तेव्हाच ठरवलं, आपल्या घरातल्या कुणाला वशिल्याचं तट्टू म्हणू द्यायचं नाही. मी माझ्या हिमतीवर लागले, निकितापण लागेल.

आक्काबाई : लागली का मग?

प्रज्ञा : अठ्ठ्याहत्तर टक्के आहेत तिला. मला वाटलं...

आक्काबाई : तुला वाटलं. आनि फॉर्माचे दोन गठ्ठे करत्यात, ते तुला ठावं नव्हतं व्हय?

प्रज्ञा : तुला कोणी सांगितलं?

आक्काबाई : बावीस वर्सं आमचे हे, तुझे नाना, हितं वॉर्डबॉय हुते. नाव असलेले फॉर्म येका गठ्ठ्यात, बिननावाचे दुसऱ्यात. पैला गठ्ठा पुरला की दुसऱ्याची दोरी बी सोडत न्हाईत. खरं का खोटं?

प्रज्ञा : खरं.

आक्काबाई : म्हंजे तुला ठावं हुतं.

प्रज्ञा : हो, माहीत होतं. वाटलं, एवढे मार्क असलेली पोर दुसऱ्या गठ्ठ्यातूनही वर येईल. आणि खरं सांगू? भीती पण होती. नाव देणाऱ्याला सही करावी लागते. सहा महिन्यांत पोरगी चुकली की बोलणी दोघींनाही. या यादीतली ती दिपाली आहे ना, आमच्या इन्चार्जची नणंद. तिला शीर सापडत नाही अजून. काल माझ्याच शेजारी उभी करून शिकवत होते तिला. शिकवताना निकिताचा हात आठवत होता. किती हलका हात आहे गं तिचा!

आक्काबाई : नानांना शेवटच्या महिन्यात सुया तीच टोचायची. त्यांना कळत बी नव्हतं.

प्रज्ञा : नाना असते तर त्यांना पटलं असतं माझं. मी लागले तेव्हा त्यांना निक्षून सांगितलं होतं, माझ्यासाठी कुणापाशी शब्द टाकायचा नाही. नाही टाकला त्यांनी.

आक्काबाई : (तिच्याकडे बघत) न्हाई टाकला व्हय?

प्रज्ञा : काय गं? अशी काय बघतेस?

आक्काबाई : जाऊ दे. मेल्या माणसाला दिलेला शब्द हाय.

प्रज्ञा : काकू, तुला माझी शपथ.

आक्काबाई : तुझा फॉर्म दुसऱ्या गठ्ठ्यात हुता. तू वरच्या मजल्यावर मुलाखतीची वाट बघत बसलीस, तवा ह्यांनी मेट्रनबाईच्या पुढं जाऊन सही केली. ‘रंभाजी, चुलता.’ घरी आले आनि मला म्हनले, पोरीला सांगू नको. तिला वाटू दे, आपल्या हिमतीवर लागली. मान ताठ राहील तिची.

प्रज्ञा : खोटं आहे हे.

आक्काबाई : तू नवी हुतीस तवा येकाची सलाईन दुसऱ्याला लावली हुतीस ना?

प्रज्ञा : हो. पण मेट्रनबाई मला काहीच बोलल्या नाहीत. लगेच लक्षात आलं, पेशंटला काही झालं नाही...

आक्काबाई : तुला न्हाई बोलल्या. ह्यांना रातपाळी लावली, चार म्हैने. पन्नाशीच्या माणसाला.

प्रज्ञा : मी विचारलं होतं त्यांना. नाना, रात्रपाळी का घेतली? म्हणाले, रात्री झोप लागत नाही, बसण्यापेक्षा बरं.

आक्काबाई : पडल्या पडल्या घोरायचा त्यो माणूस! झोप लागत न्हाई म्हनं.

प्रज्ञा : काकू...

आक्काबाई : रडू नको. लोकं बघत्यात. डोळे पूस, तुझ्या अंगावर डरेस हाय.

प्रज्ञा : माझी मला लाज वाटतेय गं. आई गेली तेव्हा तू मला घरात घेतलंस. निकिता माझ्या मांडीवर झोपायची. आणि मी तिच्यासाठी एक सही केली नाही! थांब तू इथंच. मी आत्ता मेट्रनकडे जाते. दिवाळीनंतर दोन जागा निघणार आहेत, आजच नाव देऊन ठेवते. काय व्हायचं ते होऊ दे.

आक्काबाई : बस खाली. पोरगी न्हाई आता.

प्रज्ञा : नाही म्हणजे?

आक्काबाई : काल सकाळच्या गाडीनं पुण्याला गेली. म्हाताऱ्या माणसांना संभाळायला बाया पाठवत्यात ना, तसलं येक ब्युरो हाय. येक आजारी आजी, तिचं आंघोळपाणी, हागनं-मुतनं समदं. चोवीस तास तिथंच ऱ्हायाचं.

प्रज्ञा : अगं, रजिस्ट्रेशन झालेली नर्स आहे ती! आयाचं काम करणार?

आक्काबाई : मी बी हेच म्हनले. तर म्हनाली, ‘आई, घरी बसून हात इसरून जाईल माझा.’ तीन जागी फॉर्म भरले हुते तिनं. तिन्ही जागी त्योच रकाना.

प्रज्ञा : मला एक फोनसुद्धा केला नाही.

आक्काबाई : म्हणून तर मी आले. त्या ब्युरोवाल्यांना बी कुनाचं तरी नाव लागतं. दुसरं कोन हाय आमचं शिकलेलं? तुझा नंबर दिलाय तिनं. आज-उद्या फोन येईल. पोरगी कशी हाय इचारतील. तेवढं चांगलं सांग, बाई.

प्रज्ञा : सांगेन ना! असं काय बोलतेस? सख्खी बहीण असल्यासारखी आहे माझी, असं सांगेन.

आक्काबाई : बहीण म्हणू नगंस.

प्रज्ञा : का?

आक्काबाई : बोलण्यात फरक पडला तर काम जाईल तिचं. नात्याच्या जागी तिनं ‘तोंडओळख’ लिवलंय.